आधी हात कुणी घालायचा

समुपदेशन शिकलेल्या आमच्या बॅचचं पुढं काय झालं, असं कुणी विचारलं की मी आधी हसून घेते. विक्रांत कौटुंबिक न्यायालयात असतो. घटस्फोट मागणारी जोडपी तिथं यंत्राशी बोलतात, पण खोलीत एक जिवंत माणूस हजर पाहिजे असा कायदा आहे. तो जिवंत माणूस म्हणजे विक्रांत. ‘मी पगारी खांब आहे,’ असं तो स्वतःच म्हणतो. श्रद्धा कंपन्यांसाठी काम करते; ज्याची नोकरी गेली त्याला ती बातमी गोड आवाजात सांगायची. मी, नीलोफर जमादार, सांगलीजवळच्या एका दूध संघात ताण अधिकारी आहे. टँकरच्या ड्रायव्हरांना ‘झोप झाली का’ विचारायचं, आणि ते ‘झाली’ म्हणाले तरी विश्वास ठेवायचा नाही, एवढंच माझं काम.

आणि सानिका मगदूम? ती आमच्यातली सगळ्यांत गुणी. तिच्यामुळंच तर आम्हा बाकीच्यांची दुकानं बंद झाली. हे मी पूर्वी रागानं म्हणायचे. आता म्हणवत नाही.

झालं ते असं. आम्ही शिकत होतो तेव्हाही बोलणारी यंत्रं होती. काही विचारलं की धडाधड उत्तर द्यायची, आणि तिथंच त्यांचं फसायचं. रडणाऱ्या माणसाला उत्तर नको असतं, हे आमच्या पहिल्या वर्षाच्या पोरींनाही कळत होतं, पण का नको असतं हे कुणाला नीट मांडता येत नव्हतं. मग एका प्रयोगशाळेनं ते मोजलं. दोन माणसं मनातलं बोलायला लागली की हळूहळू त्यांचे श्वास एका लयीत येतात, नाडीसुद्धा बरोबरीनं चालायला लागते. एवढं आधीपासून ठाऊक होतं. नवीन कळलं ते हे, की हा मेळ ऐकणाऱ्याच्या थांबण्यावर ठरतो. समोरच्याचं वाक्य संपल्यावर ऐकणारा किती थांबला, कुठल्या श्वासावर ‘हं’ म्हणाला, त्यावर पुढचं वाक्य बाहेर येणार की पोटात जाणार हे ठरतं. ऐकणारा शब्द कोणते वापरतो याचा परिणाम त्या मानानं अगदीच थोडा निघाला.

मग राज्यभरातल्या समुपदेशकांच्या छातीला पट्टे बांधून त्यांचं थांबणं मोजण्यात आलं. माझंही मोजलं. माझा निकाल काय आला ते विचारू नका. सव्वीस वर्षांच्या सानिकाचं थांबणं मात्र असं निघालं की तज्ज्ञांनी पट्टा बिघडलाय का म्हणून दोनदा तपासला. तिच्यासमोर माणसं बोलायची. कुणाला कधी न सांगितलेलं बोलायची, आणि जाताना हलकी होऊन जायची. तिच्या थांबण्याचा तो नमुना घेऊन यंत्र तयार झालं. ते समोरच्याचा श्वास ऐकायचं आणि सानिका थांबली असती तेवढंच थांबायचं. आवाज दुसऱ्या कुणाचा होता, पण ‘हं’ तिचं होतं. सरकारी कागदावर त्याला काहीतरी लांबलचक संस्कृत नाव दिलं होतं. लोक त्याला ‘ताई’ म्हणायला लागले. बघता बघता घरोघरी ताई झाली. माझ्या अम्मीनंसुद्धा फ्रिजवर ठेवली.

माणसांनी माणसांकडं जाणं बंद केलं, तसं सानिकाकडंही बंद केलं. मग तिला काम मिळालं ते शांतता तपासनीसाचं. विश्रामबागेतल्या एका ऑफिसात बसून ताईच्या संभाषणांचे तुकडे ऐकायचे. गुप्तता म्हणून त्यातले शब्द पुसलेले असत. शब्दांच्या जागी नुसती एकसुरी घूं घूं, आणि मध्ये श्वास, थांबणं, ताईचं ‘हं’. तुकडा संपला की पडद्यावर प्रश्न यायचा: थांबणं योग्य होतं का? सानिका ‘हो’ किंवा ‘नाही’ दाबायची. एखाद्या संभाषणाबद्दल शंका असली तर ‘पुन्हा तपासणी’ची खूण करायची, की त्याच माणसाचे पुढचे तुकडे तिच्याकडंच येत. नाव, गाव काही कळत नसे.

“दिवसभर लोकांचे श्वास ऐकतेस,” मी तिला चिडवायचे, “म्हशीच्या डॉक्टरला पण एवढं ऐकावं लागत नाही.”

ती हसायची. तेव्हा हसत होती.

सानिका आणि तिचे वडील हरिपूर रस्त्याला राहायचे. वडील म्हणजे भूपाल मगदूम, आम्हा सगळ्यांचे आप्पा. आयुष्य हळदीच्या अडतीवर गेलेलं. त्यांच्या तरुणपणी काही सौदे रुमालाखाली व्हायचे. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे. भोवती माणसांची ही गर्दी, पण काय ठरलं ते त्या दोन हातांनाच ठाऊक. कॉलेजात असताना मी त्यांच्या मागं लागायचे, शिकवा म्हणून. ते खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्यापुढं धरायचे, आणि मग थांबायचे.

“घाला की हात, आप्पा.”

“घेणाऱ्यानं आधी हात घालायचा असतो, पोरी. मालवाल्यानं आधी हात पुढं केला की मालाची किंमत गेली.”

हे त्यांनी बाजारापुरतं ठेवलं नव्हतं. सगळ्या आयुष्यालाच लावलं होतं. आप्पांनी कधी आपण होऊन काही मागितलं नाही, सांगितलं नाही. सानिकाची आई होती तोवर त्यांचं अडलं नाही, कारण ती बाई सकाळ-संध्याकाळ विचारत राहायची. पाय दुखतायत का, चेहरा का उतरलाय, कोण काय बोललं. आप्पा वैतागायचे आणि सगळं सांगून टाकायचे.

ती गेली त्यानंतरची गोष्ट. आप्पा गप्प गप्प झाले होते. सानिका एकदा त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसली आणि शिकवल्यासारखं, मऊ आवाजात म्हणाली, “आप्पा, तुम्हाला आत्ता आतून काय वाटतंय?”

आप्पांनी तिच्याकडं बघितलं. म्हणाले, “सानू, मला पेशंट करू नगंस. मी तुझा बाप हाय.”

ते तिला फार लागलं. बाई कामात इतकी तयार, पण एवढं एक वाक्य तिला पेलता आलं नाही. तिनं मनाशी ठरवून टाकलं, की आता आप्पांना कधी खोदून विचारायचं नाही. ते बोलतील तेव्हा ऐकायचं. आमच्या धंद्यात याला चांगलं म्हणतात. माणसाला त्याची वेळ घेऊ द्यावी. रस्त्यात जुना पेशंट भेटला तर आपण होऊन ओळखसुद्धा दाखवायची नाही, त्यानं मान हलवली तरच हलवायची, हा आमचा पाठच झालेला नियम. सानिकानं तो नियम घरात आणला.

मग एका वर्षी गणपती उठले आणि दोन-चार दिवसांत ती माझ्या दूध संघाच्या दारात येऊन उभी राहिली. चेहरा पांढरा पडलेला.

“नीलो, आप्पा ताईशी बोलतात.”

“बोलू देत की. माझी अम्मी पण बोलते. माझ्याच चुगल्या करत असणार.”

“तसं नाही. माझ्याकडं तुकडा आलाय. त्यांचाच आहे.”

नाव नाही, शब्द नाहीत, मग हिला कळलं कसं? तिनं सांगितलं. अडतीवरच्या धुळीनं आप्पांनी श्वास सोडला की शेवटी बारीक शिट्टी वाजायची. सानिकाची आई त्याला ‘आमची किटली’ म्हणायची. आणि काही मनाला लागणारं बोलायचं असलं की ते आधी तोंड मिटून दोन हप्त्यांत श्वास सोडायचे. लाखांत ओळखावा असा श्वास, आणि ती तर त्याच्याच शेजारच्या खोलीत वाढलेली.

“पण आता त्यात काहीतरी वेगळं आहे,” ती म्हणाली. “श्वास घेताना मध्येच अडकतो. जिन्याची पायरी चुकावी तसा. नीलो, त्यांना छातीचं काहीतरी झालंय. आणि त्यांना ते माहीत आहे.”

“मग घरी जा आणि विचार!”

“कसं विचारू? मला हे चोरून कळलंय. त्यांनी विश्वासानं तिथं सांगितलं, आणि मी ते ऑफिसात बसून ऐकलं. असं सांगितलं तर उद्या ते तिथंही बोलायचे बंद होतील. बोलायला तेवढी एकच जागा उरलीय त्यांना.”

“खुळी आहेस काय? ऐकलं म्हणून सांगूच नकोस. नुसतं विचार, आप्पा, छातीत दुखतंय का. मुलगी आहेस तू!”

“ते मला सांगतील, नीलो. त्यांना जरा वेळ द्यायला हवा.”

नियमानं पाहिलं तर ओळखीचा श्वास आला की तिनं वरती कळवून तो तुकडा सोडून द्यायचा होता. तिनं कळवलं नाही. तिनं ‘पुन्हा तपासणी’ची खूण केली. मग आप्पांचे तुकडे तिच्याकडं येत राहिले. शेजारच्या खोलीत बाप बसलेला असायचा, आणि ही ऑफिसात जाऊन कानाला यंत्र लावून त्याचा श्वास ऐकायची. मला तिचा इतका राग यायचा, आणि इतकी कीवही यायची. एवढी मोठी ऐकणारी, आणि बापाजवळ बसण्याचा तिला हाच एक रस्ता सापडला होता.

दिवाळीच्या आधी मी त्यांच्याकडं जेवायला गेले. मगदूम जैन, त्यांच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवण उरकतं, म्हणून मी चार वाजल्यापासूनच भूक लावून घेतली होती. ज्वारीची भाकरी, वरण्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी. आप्पा वाळले होते. घास हातात घेऊन बसायचे आणि खाल्ल्यासारखं करायचे.

मध्येच ते म्हणाले, “आजकाल हळदीचा वास येत न्हाई मला.”

आयुष्य हळदीत घालवलेल्या माणसानं हे म्हणावं! माझा घास हातातच राहिला. मी सानिकाकडं बघितलं. ती ताटावरून मान वर करून, सगळं लक्ष त्यांच्याकडं देऊन म्हणाली, “हं.”

आणि थांबली.

ते थांबणं मी ओळखलं. राज्यातल्या घराघरांत वाजणारं, मोजून मापून सिद्ध झालेलं थांबणं. त्यात माया होती, जागा होती, सगळं होतं. आप्पा तिच्याकडं बघत राहिले. ते पण थांबले. त्यांनी आपला टॉवेल पुढं धरला होता म्हणा ना, आणि हातासाठी वाट बघत होते. इकडं ही वाट बघत होती ती पुढच्या वाक्याची.

मला राहवलं नाही. “सर्दी झालीय का, आप्पा?”

“व्हय, तसंच काहीतरी,” ते माझ्याकडं न बघता म्हणाले. मग सानिकाला म्हणाले, “भाकरी वाढ.”

निघताना फाटकापाशी मी तिला झापलं. ती शांतपणे म्हणाली, “बघितलंस ना, सुरुवात केलीय त्यांनी. आता घाई केली तर परत मिटतील.” तिच्या डोळ्यांत खरोखर आशा होती. त्या आशेचं काय करावं हे मला कळेना.

संक्रांतीनंतर आप्पा न्हाणीघरात कोसळले. मिरजेला दवाखान्यात नेलं. फुफ्फुसात गाठ होती आणि ती आता सगळीकडं पसरली होती. डॉक्टर तरुण होता, त्याला बोलायला जड जात होतं. “पावसाळा संपता संपता आणलं असतं तर काढता आली असती,” एवढंच म्हणाला.

खोलीत आप्पा उशीला टेकून बसले होते. नाकात नळी होती. मी खिडकीशी उभी होते, सानिका त्यांच्या पायाशी.

“आप्पा, कधीपासून दुखत होतं?” तिनं विचारलं. शेवटी विचारलं.

“आखाडापास्नं.”

“मला का नाही सांगितलं?”

आप्पांनी दोन हप्त्यांत श्वास सोडला. शेवटी किटली वाजली.

“तू इचारशील म्हणून थांबलो, बाळा.”

सानिकानं त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

“ती ताई रोज म्हणायची, लेकीला सांगा, डाक्टरला दाखवा. मी म्हणायचो, लेक इचारू दे की. तिला कळत नसंल व्हय? सगळ्या दुनियेचं तिला कळतंय.” त्यांना धाप लागली. जरा थांबून म्हणाले, “त्या ताईचं हं अगदी तुझ्यावाणी. म्हणून तिच्याजवळ बसायचो. घरात तू गप्प असायचीस, तर म्हटलं, इथं तरी सानूचं हं ऐकू येतंय.”

ती तेव्हा रडली. त्यांच्या पायांवर डोकं ठेवून मोठ्यानं रडली, पाचवीतल्या पोरीसारखी. “तुम्हीच म्हणाला होतात ना, मला पेशंट करू नकोस!”

“आगं, पेशंट करू नगंस म्हटलं,” आप्पा म्हणाले. “बाप करू नगंस असं कुठं म्हटलं?”

नंतर त्यांचं बोलणं बंद झालं. घशात नळी घालावी लागली. डोळे उघडे असायचे, माणसं ओळखायचे. एके दुपारी आम्ही दोघी बसलो होतो. सानिकानं त्यांचा एरवी खांद्यावर असायचा तो टॉवेल घेतला, त्यांच्या हातावर पसरला, आणि आपला हात त्याखाली घातला. तिनं आधी घातला. आप्पांचे डोळे तिच्याकडं वळले. टॉवेल हलला. किती तरी वेळ खालच्या खाली हलत होता. मी बाहेर जाऊन उभी राहिले, कारण त्या दोन हातांशिवाय ते कुणाचंच नव्हतं. त्यानंतर दोन दिवसांनी आप्पा गेले.

सुतक फिटल्यावर ती कामावर परत गेली. मी नको म्हणत होते. पहिल्या दिवशी तिला आणायला म्हणून ऑफिसापाशी स्कूटर लावून उभी राहिले. ती लवकरच बाहेर आली आणि पायरीवर बसली.

आप्पांचा एक तुकडा तिच्याकडं यायचा राहिला होता. तिनंच केलेली खूण, त्यामुळं तो तिच्याकडंच आला. ते कोसळायच्या आदल्या दिवशीचा. घूं घूं थोडीच होती. मग दोन हप्त्यांत सोडलेला श्वास. आणि मग काहीच नाही. ताई थांबली होती. आप्पा काहीतरी सांगायला बसले होते आणि त्यांना सांगता येत नव्हतं, आणि ताई, शिकवलं होतं तशी, त्यांना वेळ देत थांबली होती. अडकलेला श्वास, पुन्हा अडकलेला श्वास, आणि ती आपली थांबलेलीच. मग आप्पांनी यंत्र बंद केलं.

पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला: थांबणं योग्य होतं का?

“मी ‘नाही’ दाबलं,” सानिका म्हणाली. “इतक्या वर्षांत अशा जागी मी कधी ‘नाही’ दाबलं नव्हतं. कारण विचारलं होतं तिथं लिहिलं, ‘ताईनं विचारायला हवं होतं.’ माझ्या उत्तरांवरून ताई शिकते ना. वाटलं, आता कुणाच्या तरी घरी ती विचारेल. एखाद्या म्हाताऱ्याला नुसतं विचारेल, काय होतंय म्हणून.”

“मग?”

“उत्तर आलं, तुमचं मत मूळ नमुन्याशी जुळत नाही, म्हणून धरता येणार नाही. तपासनीसाचं मन थकलेलं दिसतं, काही दिवस विश्रांती घ्यावी.” ती हसायला गेली आणि तिचा चेहरा वाकडा झाला. “मूळ नमुना म्हणजे कोण, नीलो? मीच ना? ती सव्वीस वर्षांची सानिका तिथं बसलीय आणि ती माझं ऐकून घेत नाही.”

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. ऑफिसातून सुटलेली माणसं आमच्या बाजूनं उतरून जात होती. ती गप्प झाली तशी मीही सवयीनं गप्प झाले. शिकलेलं असं सहजी जात नाही. आमचे श्वास एका लयीत यायला लागले तेही मला कळलं, अगदी पुस्तकात लिहिलंय तसे. थोडं थांबले असते तर ती आपण होऊन बोललीही असती. पण मला थांबायचं नव्हतं.

“सानू, त्या दिवशी टॉवेलाखाली आप्पा काय म्हणाले गं?”

तिनं माझा हात आपल्या ओढणीखाली घेतला. माझी दोन बोटं धरून दाबली. सोडली. मग चार धरली, आणि मग सगळा पंजा मुठीत घेऊन घट्ट दाबला, बराच वेळ.

“असं,” ती म्हणाली. “हेच परत परत करत होते.”

“म्हणजे काय?”

तिनं माझा हात सोडला नाही.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “ते कधी विचारलंच नाही मी त्यांना.”